मधेच जाणारी रेस

बोरिवलीच्या गॅरेजात माझी स्कूटर उघडून ठेवलेली. शेजारी गोराईचे लहू आणि सोनूबाई हे जोडपं जुनी डिझेल पिकअप घेऊन आलं होतं.

"मधेच रेस जाते. इंजिन चालू, पण पाय दाबला तरी गाडी उचलत नाही."

"कधी होतं, काका?" मेकॅनिकनं विचारलं.

"कधीतरी."

"कधीतरी काय? काल पुलावर ट्रक अगदी मागं आलेला. मी आरशात बघत होते."

"तू बोलली नाहीस, सोनू."

"बोलून तुमचे हात थरथरले असते."

"काका, रेस देत राहा. मी पेडलची वायर हलवतो. बघा, रेस गेली. वायर आतून तुटलीय, बदलतो."

अर्ध्या तासानं तो म्हणाला, "एक चक्कर मारून या."

"सोनू, तू इथंच बस. मी एकटा जातो."

लहू गाडीत बसला तशी सोनूबाई पलीकडच्या दाराशी गेली.

"नको. हे दार बाहेरून उघडत नाही. आतून उघडा."