शबानाचा फोन आन् माझा भोंगा

चहा थंड होऊ द्या, आधी हे ऐका. मी नगरला कारखान्याच्या गेटवर वॉचमन हाय. नियम लई कडक: कुणाचा मोबाईल आत जायचा न्हाई, आन् मी गेट सोडायचं न्हाई.

पॅकिंगमधल्या शबानाला लहानपणापासून शुगर, इन्सुलिनवर हाय. दंडाला शुगर मोजायचं मशीन चिकटवलेलं. शुगर उतरली की तिचा फोन बोंबलतो. पण फोन माझ्या कपाटात! तिचं टेबल भिंतीपलीकडंच, म्हणून फोनला खबर तरी पोचायची.

एक दिवस फोन बोंबलला. मशिनींच्या आवाजात माझी हाक कुठली जातीय? मी सरळ जेवणाच्या सुट्टीचा भोंगा दाबला. सगळी फौज डबे घेऊन बाहेर! शबानाचे हात थरथरत हुते. तिला साखरपाणी पाजलं, तवा कुठं ती हसली.

साहेब धावत आले. "मामा, आत्ताच तर चहा झाला! सुट्टी कुणी दिली?"

"साहेब, फोन आत गेला न्हाई, मी गेट सोडलं न्हाई. दोन्ही नियम पाळले. परत वाजला, तर परत दाबतो."

दुसऱ्या दिवसापासून फोन शबानाच्या खिशात. फक्त बाकीचे कामगार नाराज हायेत. गेटवर येऊन कुजबुजत्यात, "मामा, तिचा फोन ठेवा की परत तुमच्याकडं!"