अंगठ्याखालचं हाड

(एक्स-रेची खोली. टेबलाशी बहीण उजवा हात सांभाळून बसली आहे, मागे तिचा भाऊ उभा. एक्स-रे काढणाऱ्या बाई मशीन जुळवत आहेत.)

भाऊ : बोटं दुखतात तिची. मागेही बोटांचाच काढला होता. काही निघालं नाही त्यात.

बाई : मी यांना विचारलं होतं.

भाऊ : एकच झालं हो. सुतारकामाचा कारखाना आहे आमचा, दोघं भावंडं चालवतो. सतरा दिवस हिनं रंध्याला हात लावलेला नाही.

बहीण : लावला होता. हातातून पडला.

भाऊ : पडला म्हणे! शाळेचे चाळीस बाक अर्धवट पडलेत आणि बाईसाहेबांचा आपला हात दुखतोय.

बाई : जुना एक्स-रे आणलाय ना? द्या इकडे, ताडून बघायला लागतो. आणि कडं, घड्याळ काढा. धातू मध्ये आला की खालचं हाड झाकतं. बरं, दिवस गेलेत का? तशी शंका?

भाऊ : छे छे! काहीतरीच काय!

बाई : तुम्हाला गेलेत का असं नाही विचारलं मी.

बहीण : नाही हो बाई, तसं काही नाही.

बाई : मग आता एका बोटानं दाखवा. नेमकं कुठे दुखतं?

भाऊ : अहो, हे मधलं बोट—

बाई : हात तुमचा आहे का?

बहीण : इथं. बोटांत नाहीच. अंगठ्याच्या मुळाशी हा खळगा आहे ना, इथं. दाबलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात.

बाई : मागच्या वेळी सांगितलं नाहीत हे?

बहीण : दादानं सांगितलं, बोटं. ठणका इतका होता की मी नुसती मान हलवली. मग रिपोर्ट साफ आला. आता घरात सगळे कामचुकार म्हणतात. खरं सांगू, मलाच वाटायला लागलंय, नाटक करतेय की काय मी.

बाई : लागलं कसं हे?

बहीण : फळी ओढताना घसरले. सगळा भार तळव्यावर.

बाई : थांबा, फोन करते. हॅलो, डॉक्टर? चिठ्ठीवर बोटं लिहिलीयत, पण दुखणं अंगठ्याच्या मुळाशी आहे. हो, तळव्यावर पडल्यात. मनगट? बरं, सगळ्या बाजूंनी काढते. चला, दादा, तुम्ही बाहेर.

भाऊ : मी थांबतो. घाबरेल ती.

बहीण : कोण घाबरतंय? जा रे तू!

बाई : हं, हा एप्रन घ्या. हात असा पालथा. आता करंगळीच्या बाजूला वाकवा. मशीननं काही दुखत नाही, हे वाकवणंच दुखतं. पण हलू नका, फोटो पुसट येतो.

बहीण : आई गं!

भाऊ : काय झालं? दार उघडू का?

बाई : खबरदार! हं, झालं. या आता आत. बसा दोघं, डॉक्टरांना दाखवून येते.

भाऊ : हे बघ, यातही काही निघालं नाही तर उद्यापासून कामावर.

बहीण : आणि निघालं तर?

भाऊ : काही निघत नाही.

बहीण : देवा, मोडलेलं असू दे रे.

भाऊ : अगं, काय बोलतेस!

बाई : बघितलं डॉक्टरांनी. मोडलंय. अंगठ्याखालचं छोटं हाड, ही बारीक रेघ दिसली? पहिल्या फोटोत मनगट नव्हतंच. आणि असतं तरी हे हाड लगेच दिसेलच असं नाही. म्हणून दुखणं राहिलं तर परत यायचं असतं, अंगावर काढायचं नसतं. तसंच रेटून रंधा मारला असता, तर कदाचित जुळलंच नसतं.

बहीण : मोडलंय! दादा, मोडलंय!

भाऊ : नाचतेस काय? हाड मोडलंय तुझं!

बहीण : नाचणारच! सतरा दिवस नाटकी म्हणालास. बाई, हा फोटो मला मिळतो ना? कारखान्याच्या दारातच लावते.

बाई : तुमचाच आहे. जपून ठेवा, पुढच्या वेळी लागेल.

भाऊ : चुकलं माझं.

बहीण : काय? ऐकू नाही आलं.

भाऊ : चुकलं माझं! झालं? बाहेरच्या बाकावरसुद्धा ऐकू गेलं.

बाई : प्लास्टर घालायचंय आता. चिठ्ठीवर लिहायचंय, पेशंट काम काय करते?

भाऊ : ती ना, आमच्याकडे...

बाई : हं?

भाऊ : तिलाच विचारा.