दहा सेकंदांचा पहारा

सिंगापुरात सेरंगूनच्या बससाठी मी रांगेत होते. मागे दोघी मराठीत बोलत होत्या.

“मुकुलने व्हिडिओ बघून घरच्या लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला लिनक्स टाकलंय. सुरू केला की विचारतो, कुठलं हवं? दहा सेकंदांत निवडलं नाही, तर आपोआप लिनक्स.”

“आणि तुझं काम विंडोजवर!”

“हो ना. बटण दाबून चहा टाकायला जायचे, परत येते तर लिनक्स! पुन्हा पहिल्यापासून.”

“मग? नवऱ्याला काही बोलली नाहीस?”

“त्याला म्हटलं, मी इथून हलणार नाही. चहा तूच टाक.”

“टाकतो?”

“रोज. आलं किसून.”

“अगं ऋता, आपोआप विंडोज येईल असं करता येतं. दोन मिनिटांचं काम.”

“येतं गं मला. रविवारी जेवायला येशील, तेव्हा त्याला तेवढं शिकवू नकोस.”