तीन मीटरवर
बारामतीहून सणसरला निघालेल्या एसटीत, आक्काबाईंच्या पुढच्याच बाकावर, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घातलेली एक पोरगी शेजारच्या पोरावर तावातावानं ओरडत होती.

"सार्थक, मोबाइलवरनं मोटर चालू करायचा आपला डबा हवेत लई रेडिओ लहरी फेकतो म्हणून लॅबनं नापास केला, आणि साहेब म्हणतात, अफशीनमुळं, म्हंजी माझ्यामुळं!"

"पर टेबलावर तूच मोजलं व्हतंस न्हवं?"

"बोटभर अंतरावरनं! तितं डब्यातली कॉइल सगळ्यात जास्त बोंबलत होती. साहेब म्हणाले, घाला तिच्यावर पत्र्याचं झाकण. घातलं. लॅबमधला अँटेना तीन मीटर लांब. तितवर कॉइलचं काय बी पोचत न्हाय रे! पोचतं ते मोटरच्या लांबलचक वायरीतनं."

"मग वायर का न्हाय मोजली?"

"टेबलावर जोडलीच कुठं होती? जोडून तिच्यातला करंट मोजला असता, तर लांबवर किती पोचंल त्याचा अंदाज हितंच आला असता. साहेब म्हणाले, वायरीचं लचांड नको."

"तवा तू काय बोललीस?"

"ते सोड! आता त्यांचा फोन येऊ दे, बघ कशी सुनावते!"

पार दारातल्या कंडक्टरनं मान वळवून बघितलं.

फोन वाजला. अफशीन सावरून बसली, ओढणी नीट केली.

आक्काबाई कान देऊन पुढं वाकल्या. बाकाला कपाळ टेकलं, तेव्हा कुठं त्यांना ऐकू आलं.

"हो सर. चुकलंच माझं."