चेटकिणीच्या बाजूने

चिमणी : ...म्हणून मी चॅनलवाल्यांना सरळ सांगितलं, परीक्षकाच्या खुर्चीत मी बसेन, पण पोरींना शिकवायला ताईच हवी. नाहीतर तुमची कुस्तीची स्पर्धा तुम्हाला लखलाभ.

लाँड्रीवाली : आणि मला न विचारता सांगून मोकळी झालीस! आधी उडी मारायची, मग खाली काय आहे ते बघायचं. अजून तशीच आहेस. ही चादर धर त्या टोकाला, बोलता बोलता घडी तरी होऊ दे.

चिमणी : हॉटेलच्या चादरी अजून हातानंच?

लाँड्रीवाली : मशीन कोपरे जुळवत नाही. ओढ. ओढ ना, जेवलीस की नाही? आपल्या वेळची स्पर्धा जिंकून वर इतकी वर्षं बाया उचलून फेकल्यास म्हणे टीव्हीवर.

चिमणी : फेकल्या कुठे? त्या उडायच्या, मी नुसता हात लावायचे. तूच शिकवलंस ते. पहिल्या आठवड्यात पाठीवर पडायच्या ऐवजी डोक्यावर आपटले, रडत सामान भरलं. कुस्तीचे मास्तर ओरडत होते. तू मला जेवणाच्या सुट्टीत गाद्यांच्या खोलीत नेऊन पडायला शिकवलंस.

लाँड्रीवाली : काडीसारखी पोर. मला वाटलं, मोडेल कुठेतरी आणि आळ माझ्यावर येईल. तू चिमणी, मी चेटकीण, हे चॅनलवाल्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलेलं. माझा आवाज फाटका, भुवया जाड. काळा झगा चढवला की झालं.

चिमणी : आणि ऐन वेळी तुला हसू यायचं!

लाँड्रीवाली : येणारच. मी तुझे केस धरून गर्जायचे, 'पिसं उपटीन तुझी!' आणि तू खालून पुटपुटायचीस, 'ताई, हळू, पिन टोचतेय.'

चिमणी : अख्खं सभागृह तुझ्या नावानं ठणाणा करायचं.

लाँड्रीवाली : त्यांचं काय, तिकीट काढून आलेले, शिव्या देणं त्यांचा हक्क. पण घरी आले तर गल्लीतल्या बायांनी तोंडं फिरवली. दूधवाली म्हणाली, 'त्या गरीब पोरीचा हात पिरगाळलास, देव बघतो.' अगं, ते आधी ठरलेलं असतं, म्हटलं. कोण ऐकतंय? पोराला शाळेत 'चेटकिणीचा' म्हणून चिडवायचे. एक दिवस ओठ फाडून घरी आला. त्या दिवसापासून विषय बंद. सुनेलासुद्धा सांगितलेलं नाही.

चिमणी : तिला माहीतच नाही?

लाँड्रीवाली : हळू बोल, आत इस्त्री करतेय. तिची सासू सरळ बाई आहे, तेवढंच राहू दे.

चिमणी : ताई, मास्तरांना आता खुर्चीतून उठवत नाही. भेटायला गेले होते. म्हटलं, या नव्या पोरींना पडायला कोण शिकवणार? कालच एकीनं मान लचकवून घेतली. मला करून दाखवता येतं, सांगता येत नाही. तर म्हणाले, 'तुला जिनं शिकवलं ती.' गाद्यांच्या खोलीचं त्यांना माहीत होतं.

लाँड्रीवाली : मास्तर म्हणाले असं?

चिमणी : तुझी शपथ.

लाँड्रीवाली : मला तर कधी 'बरं' सुद्धा म्हणाले नाहीत... नको गं. पुन्हा तो कॅमेरा, पुन्हा ते ओरडणं. दुधानं पोळलेली आहे मी.

(आतला पडदा सरकतो. सून घडी केलेले कोट घेऊन बाहेर येते.)

सून : आई, डॉक्टरांचे कोट झाले. आणि मला माहीत आहे.

लाँड्रीवाली : काय माहीत आहे?

सून : तुम्ही चेटकीण होता ते.

लाँड्रीवाली : माझ्या पोरानं सांगितलं?

सून : ते कशाला सांगतील? लग्नाआधी तुम्ही आमच्याकडे आलात आणि दारातच कुत्र्यावर ओरडलात, 'मागे हो!' माझ्या हातातला पेला सुटला. लहानपणी दर शनिवारी टीव्हीवर ऐकलेला आवाज, तो मी ओळखणार नाही?

चिमणी : म्हणजे तूही शिव्या घालणाऱ्यांतली!

सून : नाही हो. राग मानू नका, पण मला तुम्हीच आवडायच्या नाहीत. सारख्या रडायच्या. घरात सगळे चिमणीच्या बाजूनं, मी एकटी चेटकिणीच्या. माझ्या आईची काळी शाल पांघरून पलंगावरून उड्या मारायचे. बाबा म्हणायचे, हिला सासू अशीच मिळणार.

चिमणी : बाबांच्या तोंडात साखर पडो!

लाँड्रीवाली : आणि इतके दिवस एक अक्षर बोलली नाहीस?

सून : तुम्ही बोलत नव्हता. म्हटलं, दुखत असेल. दुखऱ्या जागी कशाला हात लावा.

लाँड्रीवाली : ...ही मला न्यायला आलीय.

सून : ऐकलं. मध्ये पडदाच तर आहे. जा ना आई. दुकान मी बघते.

लाँड्रीवाली : तुझे कोपरे जुळत नाहीत.

सून : नाही जुळले तर नाही जुळले. लोक त्यावर झोपणारच आहेत.

लाँड्रीवाली : कॅमेऱ्यासमोर मी यायची नाही, सांग त्यांना.

चिमणी : सांगते.

लाँड्रीवाली : आणि त्या लचकलेल्या मानेच्या पोरीला आधी चार दिवस झोपवून ठेवा. मी येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही तिला.

चिमणी : येईपर्यंत म्हणालीस हं!

सून : आई, पडायचं कसं ते मलाही दाखवाल? एकदाच. त्या पलंगावरून पडून कोपर मोडलं होतं माझं.

लाँड्रीवाली : आता? गिऱ्हाईक आलं तर?

चिमणी : मी आहे ना दाराशी.

लाँड्रीवाली : थांब, थांब, धुतलेल्या चादरींवर नको. मळक्या ढिगाकडे चल. आणि केस बांध आधी... ये इकडे, मी बांधते.