मामांचा डीपी, माझी चिप

सांगतो, त्या दिवसापास्नं माझं डोकंच चालेना झालंय. मी चिप डिझाइन करतो. वीज वाचावी म्हणून चिपचे रिकामे भाग आम्ही बंद ठेवतो, पण ते सगळे एकदम चालू केले की चिपच बंद पडायची. दोन महिने अख्खी टीम त्यात अडकलेली. मामांच्या गावाला, बेंबळीला गेलो, तर मामा म्हणाले, "तोंड का उतरलंय?" सगळं सांगितलं.

"शेतात लाइट आली अन् सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या, तर डीपी, म्हंजी गावचा ट्रान्सफॉर्मर, जळतोय. म्हणून आमी एकामागं एक लावतो. तुमी लोक तसं करत न्हाय व्हय?"

इंजिनिअर मी का ते, कळेना.

"मामा, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"शिकवतंय कोण? दोनदा डीपी जळाला."