वारज्याला आलेल्या महालक्ष्म्या

तुम्ही वही उघडलीत, तर मला आधी नीट सावरून बसू द्या, कारण आता जे सांगणार आहे ते अत्यंत गंभीर आहे. त्यात दोन देवी आहेत, तेवीस जेवणारे आहेत, एक प्लास्टरमधला हात आहे, आणि या सगळ्यांचा भार ज्याच्या डोक्यावर होता तो मनुष्य, म्हणजे मी, त्या दिवसापर्यंत घरात फक्त चहा करत होता. लिहिलंत? चहा. तोही आमच्या सुनंदाच्या मते उकळलेलं पाणी.

मी मूळचा वर्ध्याकडचा. आयटीआय केलं, नोकरीसाठी पुण्यात आलो, कारखान्यात लेथ मशीनवर लागलो. कर्वेनगरला चौघांत एक खोली होती, आणि काय सांगू तुम्हाला, पहिलं वर्षभर मेसची गोड आमटी बघून मला रडू यायचं, आमच्याकडे आमटीत इतका गूळ घालणाऱ्याला लोक विचारतात, बाप्पा, तब्येत बरी आहे ना. आणि शेवटी लग्न कोणाशी केलं, तर शनिवार पेठेतल्या सुनंदाशी, जिच्या माहेरी भेंडीतसुद्धा गूळ असतो. ती रागावेल, पण हे लिहा.

तर आमच्या घरच्या महालक्ष्म्या, म्हणजे तुम्ही पुण्यात ज्यांना गौरी म्हणता त्याच, पितळी मुखवट्यांच्या, वर्ध्याला थोरल्या वहिनीकडे बसायच्या. वहिनीचे गुडघे गेले, ती म्हणाली आता माझ्यानं होत नाही. मग न्यायच्या कुठे? आमच्यात शेवटचा शब्द ताईचा. माझी सगळ्यांत मोठी बहीण, आई गेल्यावर आम्हाला तिनंच वाढवलं. मी म्हटलं, पुण्याला, आमच्या वारज्याच्या घरी आणतो. ताई फोनवर म्हणाली, आन, पन एक साल पाहू. जमलं तं राहतीन तुह्याकडे, नाही तं पुढच्या साली नागपूरले धाकट्याकडे नेऊ. म्हणजे बघा, देवी येणार त्या परीक्षा घ्यायला. पण मला त्या हव्या होत्या हो. गाव सुटलं, आई गेली, माझ्याकडे तिथलं म्हणावं असं काहीच उरलं नव्हतं. हे मी कोणाला बोललो नव्हतो, सुनंदालाही नाही, पण तिला कळलं होतं, तिला सगळं कळतं.

आणि सणाच्या चार दिवस आधी ती कपडे वाळत घालताना स्टुलावरून पडली, उजवं मनगट मोडलं. प्लास्टर अजून ओलं, आणि मला म्हणते, अहो, पुरण तुम्हालाच वाटावं लागणार. मी म्हटलं, बाहेरून मागवू. ती म्हणाली, लावा ना ताईंना फोन, सांगा तसं, मी इथूनच ऐकते.

तर मीच. दोन दिवस सुटी काढली. सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली, एक हात गळ्यात आणि दुसऱ्या हातात लाटणं, नुसतं दाखवायला. मी कंपनीत केसाएवढ्या मापाचं काम करतो, आणि ही सांगते अंदाजानं घाला. अंदाज म्हणजे किती? तर म्हणाली, कमी पडणार नाही इतका आणि जास्त होणार नाही इतका. पेठेतलं उत्तर. पुरण झालं, कढी झाली, ज्वारीची आंबील झाली, वडे गोल नाही पण झाले, आणि मग आली सोळा भाज्यांची एकत्र भाजी. आमच्या महालक्ष्म्यांची खरी खूण ती, ताई पास-नापास करणार तिच्यावरच. आता गोम अशी, की देवीला नैवेद्य दाखवेपर्यंत काहीही चाखायचं नाही. जिभेला लावायचं नाही म्हणजे नाही. तेवीस माणसांची भाजी, आणि मीठ बरोबर पडलं का ते फक्त देवीला माहीत.

मी मीठ घातलं. मोजून घातलं. मग ताईला आणायला स्टेशनवर गेलो. ताई आली, हातपाय धुतले, तडक स्वयंपाकघरात गेली, आणि मी आंघोळीला गेलो.

संध्याकाळी आरती झाली, नैवेद्य दाखवला, पंगत बसली. मी वाढतोय आणि डोळे ताईच्या पानावर. ताईनं भाजीचा घास घेतला, चेहरा दगडाचा. शेजारी पुतणी, तिनं घास घेतला आणि आंबिलीची वाटीच तोंडाला लावली. पाच मिनिटांत सगळी पंगत पाणी मागायला लागली, आणि तरी जो तो मान हलवून छान, छान म्हणतोय, कारण आमच्यात प्रसादाला नाव ठेवत नाहीत. मी आत जाऊन चिमूटभर भाजी तोंडात टाकली. अहो, भाजीत मीठ नव्हतं, मिठात भाजी होती.

सुनंदाचे मोठे भाऊ, आमचे दादा, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, जन्म शनिवार पेठेतला. प्रसादाचा नियम त्यांना कोणी सांगितला नसावा, किंवा सांगूनही उपयोग झाला नसता. त्यांनी घास गिळला आणि शांतपणे विचारलं, जावईबापू, वारज्याला समुद्र कधी आला?

मी मनात म्हटलं, गेल्या देवी नागपूरला.

तेवढ्यात सुनंदा म्हणाली, दादा, यांना बोलू नकोस. मीठ मी घातलं, हे स्टेशनवर गेले तेव्हा, डाव्या हातानं. यांचा भरवसा नाही म्हणून. मी म्हटलं, अगं, मी घातलं होतं. ती म्हणाली, मग सांगायचं नाही का? तू विचारायचं नाही का? तेवीस माना इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. दादांनी आणखी एक कण जिभेवर ठेवला, डोळे मिटले, आणि म्हणाले, नाही, दोघांत हे गणित सुटत नाही.

आता ताई पुरणपोळीची घडी घालत होती. घातलेली घडी उलगडून पुन्हा घालत होती. ताई आयुष्यात कधी चुकलेली नाही, निदान आम्हाला दिसेल अशी तरी नाही. माझ्या हातात तुपाची वाटी, वाढायचं सुचेना. ही बघा, सुनंदा आतून ऐकतेय आणि आत्ताच हसतेय. ताईनं आंबिलीची तिसरी वाटी संपवली, पदरानं तोंड पुसलं, आणि कोणी काही विचारायच्या आत तिच्या तोंडून निघून गेलं, पुढच्या साली मीठ येकट्या यानंच टाकाचं, अन् मले सयपाकाच्या खोलीत कोनी जाऊ देऊ नका.